फुटपाथवर झोपणाऱ्यांना निवारा देणं पालिकेवर बंधनकारक आहे का?

माझ्याकडं आलेला प्रश्न थोडक्यात, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, असा आहे. सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका शहरात एसटी स्टँडच्या भिंतीला लागून दहा-पंधरा म्हातारी माणसं झोपतात. पालिकेचं पथक पहाटे येतं, गाठोडी उचलून गाडीत टाकतं, कधी माणसांनाही गाडीत घालून शहराबाहेर नेऊन सोडतं, दोन दिवसांत ती चालत परत येतात. त्यात एक बाई आहे जी स्वतःशीच बोलत असते आणि स्वतःचं नाव सांगू शकत नाही. आमची काही पोरं जेवण देतात, पण पालिकेवर कायद्याने काही बंधन आहे का, आणि कोर्टात गेलो तर उपयोग होईल का? उत्तर देताना शहराचं नाव मी मुद्दाम टाळतोय, कारण हे चित्र कराडपासून जतपर्यंत कुठलंही असू शकतं.

मी सांगलीत वकिली करतो, अशा कामांत बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे आधी सरळ सांगतो. बंधन आहे. पण "बेघरांना घर द्या" म्हणून कोर्टात गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल, आणि "अमुक शहराची लोकसंख्या एवढी, त्यामागे निवाऱ्यात एवढी जागा पाहिजे, आज एवढीच आहे, आम्ही अमुक तारखेला लेखी मागणी केली, उत्तर आलं नाही" असं घेऊन गेलात तर कोर्टाला ऐकावं लागतं. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे, पुढचं सगळं त्याचाच खुलासा समजा.

सुरुवात ओल्गा टेलिस केसपासून करावी लागते, म्हणजे मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकण्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात झालेली याचिका. 13 जुलै 1981 ला तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या सगळ्यांना हुसकून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवायचं, आणि ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. म्हणजे माणसं गाडीत घालून बाहेर सोडायची ही कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. त्या याचिकेत एक माणूस संगमनेरहून 1969 ला मुंबईत आलेला होता, गावाकडं चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, घर पडलं म्हणून आला, बदली कामगार म्हणून लागला, आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये दिले होते, वर बांबू आणि प्लास्टिकला 700 रुपये. हे सगळं निकालपत्रात लिहिलेलं आहे. मी नवीन पोरांना हा भाग आवर्जून वाचायला सांगतो, कारण बेघर माणूस फुकट राहतो हा समज एवढ्या दोन आकड्यांनी मोडतो.

10 जुलै 1985 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. कोर्टाने म्हटलं की संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, आणि माणूस फुटपाथवर राहतो तो कामाच्या जवळ राहता यावं म्हणून, त्याला तिथून हाकललं की त्याची रोजीरोटीच जाते. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच निकालात पुढं असंही आहे की फुटपाथवर राहायचा कोणाला हक्क नाही, फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत, आणि मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314, म्हणजे नोटीस न देता अतिक्रमण काढायचा अधिकार, कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं नाही, फक्त एवढं सांगितलं की नोटीस न देणं हा अपवाद असला पाहिजे, सरसकट रीत नव्हे, आणि म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या, आणि 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत म्हणजे पावसाळा सरेपर्यंत कोणाला काढू नका, असा तो आदेश होता. शेवटी माणसं हललीच. म्हणून ओल्गा टेलिस दाखवून फुटपाथ कायमचा मिळतो असं कोणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. त्या केसमधून मिळते ती वागवायची पद्धत, आणि ती पद्धत आपल्या कामाची आहे.

कशी ते बघा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो, त्यात कलम 231 आहे, मुंबईच्या 314 चा भाऊच म्हणा, आयुक्तांना नोटीशीशिवाय रस्त्यावरचं काढता येतं. सातारा, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) इथं नगरपरिषदा आहेत, तिथं 1965 चा नगरपरिषद कायदा चालतो आणि समोर मुख्याधिकारी असतात. कायदा कुठलाही असो, ओल्गा टेलिसने लावलेला अर्थ सगळ्यांना लागू आहे: मनात आलं म्हणून पहाटे येऊन गाठोडं उचलायचं नाही. गाठोड्यात आधार कार्ड असतं, निराधार पेन्शनचं पासबुक असतं, औषधाच्या चिठ्ठ्या असतात. एकदा ते डंपरमध्ये गेलं की त्या माणसाची पेन्शन बंद पडते आणि पुन्हा सुरू करायला तहसीलच्या पायऱ्या झिजवायला त्याच्या अंगात ताकद नसते. माझ्याकडं आलेल्या अशा लोकांत जागा गेल्याचं दुःख कमी आणि कागद गेल्याचं जास्त असतं. म्हणून पथकाकडं पहिली मागणी हीच करा की उचललेल्या सामानाचा पंचनामा द्या, यादी द्या, कुठं ठेवलंय ते लेखी द्या. आणि माणसाला गाडीत घालून हद्दीबाहेर सोडणं हे तर कुठल्याच अतिक्रमणाच्या कलमात बसत नाही. कलम 231 वस्तू हलवायचा अधिकार देतं, माणूस नव्हे. हे वाक्य अर्जात जसंच्या तसं टाका, मी टाकतो.

इथं एक नोव्हेंबर 2024 चा निकाल लोक सारखे पुढं करतात, बुलडोझरचा. 13 नोव्हेंबर 2024 ला न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी सांगितलं की 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय बांधकाम पाडायचं नाही. चांगला निकाल आहे, पण त्यातच लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळालगत किंवा नदीपात्रातल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे तुमच्या माणसांना तो उपयोगी नाही. तो जोडून याचिका केली तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो परिच्छेद वाचून दाखवेल आणि तुमची बाकीची बाजूही हलकी होईल.

आता निवाऱ्याकडं येऊ, खरा मुद्दा हा आहे. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सुप्रीम कोर्ट अनेकदा म्हणालंय, 1990 च्या शांतिस्टार बिल्डर्समध्ये म्हणालं, मग चमेली सिंग केसमध्ये तर सविस्तर सांगितलं की निवारा म्हणजे डोक्यावर नुसतं छप्पर नाही, पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी, वीज, संडास, रस्ता हे सगळं त्यात आलं. (चमेली सिंग ही खरं तर जमीन संपादनाची केस, दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीला मालकांनी आव्हान दिलं होतं आणि ते हरले. हे लक्षात असू द्या, कारण विरोधी वकील म्हणेल की तो भाग त्या वादाला आवश्यक नव्हता, म्हणून तो बंधनकारक नाही.) 1996 ला अहमदाबाद महापालिका विरुद्ध नवाब खान या केसमध्ये कोर्टाने दोन्ही बाजू एका निकालात ठेवल्या, फुटपाथ मोकळे ठेवणं हे पालिकेचं कर्तव्य, आणि गरिबांच्या राहण्यासाठी योजना करून दरवर्षी बजेटमध्ये तरतूद करणं हेही पालिकेचं कर्तव्य, मात्र पर्यायी जागा दिल्याशिवाय अतिक्रमण काढताच येणार नाही असा सरसकट नियम नाही. दुसरीकडं 2000 च्या अलमित्रा पटेल केसमध्ये तर सरकारी जागा बळकावणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखं आहे असं वाक्य आहे. ते वाक्य आजही वाचून दाखवलं जातं. मला ते फार अन्यायाचं वाटतं, पण ते आहे, आणि ते माहीत नसताना कोर्टात उभं राहू नये.

म्हणून मी हक्काच्या मोठ्या वाक्यांवर फार वेळ घालवत नाही. मी आकड्यावर येतो, आणि आकडा मिळतो अन्नाच्या हक्काच्या केसमधून. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची 2001 ची याचिका, रिट क्रमांक 196, मूळ भूकबळी आणि रेशनवरची. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत तिथल्या महापालिकेने एक तात्पुरता रात्र निवारा काढून टाकला, तो विषय या केसमध्ये आला आणि जानेवारी 2010 पासून कोर्टाने निवाऱ्यांवर एकामागून एक आदेश दिले, आधी दिल्लीला आणि मग राज्यांनाही. माप ठरलं ते असं: एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय, चोवीस तास, बारा महिने. पुढं 2013 मध्ये केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा भाग ठेवला आणि मार्गदर्शक सूचनांत हेच माप आलं. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, एका केंद्रात 50 ते 100 माणसं, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, आणि हे उभारायचं कोणी तर स्थानिक नागरी संस्थेने. सुरुवातीलाच हे अभियान एक लाखावरच्या शहरांना आणि जिल्ह्याच्या मुख्यालयांना लागू होतं, म्हणजे सांगली आणि सातारा दोन्ही पहिल्यापासून त्यात बसतात.

आता हिशोब करा. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 5 लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे 500 माणसांची सोय हवी, आणि हे जुन्या आकड्यावर, आज तर शहर वाढलंय. साताऱ्याची तेव्हा 1 लाख 20 हजारांच्या आसपास, म्हणजे 120 माणसं धरा, त्यात 2020 ला हद्दवाढ झाली ती वेगळीच. तुमच्या शहराची लोकसंख्या घ्या, लाखाने भागा, शंभरने गुणा, तुमच्या याचिकेचा कणा तयार झाला. सांगलीत संस्थेच्या मदतीने चालणारं बेघर निवारा केंद्र आहे, म्हणजे आपल्याकडं हे जमतच नाही असं कोणी म्हणू नये. प्रश्न जमण्याचा नसून किती आणि कधीपर्यंत याचा आहे.

यावर पालिका तीन गोष्टी म्हणते, कायम त्याच तीन. पहिली, पैसे नाहीत. याला उत्तर 1980 मध्येच मिळालंय, रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद. मध्य प्रदेशातलं रतलाम, एका वॉर्डात उघडी गटारं, लोकांना संडास नाहीत, नगरपालिका म्हणाली तिजोरी रिकामी आहे. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं की माणसाची सभ्यता आणि प्रतिष्ठा यांचा खर्च हा स्थानिक संस्थेच्या पैशावरचा पहिला हक्क आहे, पैसे नाहीत म्हणून कायद्याने दिलेलं काम टाळता येत नाही. मला या निकालाबद्दल विशेष आपुलकी आहे कारण तो आपल्यासारख्याच गावाबद्दल आहे, मुंबई-दिल्लीबद्दल नाही.

परदेशात काय चालतं असंही काहीजण विचारतात. इंग्लंडमध्ये 1977 पासून स्वतंत्र कायदाच आहे, ठरावीक अटीत बसणाऱ्या बेघर कुटुंबाला घर मिळवून देणं तिथल्या कौन्सिलवर, म्हणजे पालिकेवर, थेट बंधनकारक असतं, त्यामुळे तिथल्या केसेस "माझ्या अर्जावर दिलेला निर्णय चूक आहे" अशा असतात. 2023 मध्ये क्रॉयडन कौन्सिलच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टासमोर व्हीलचेअर वापरणारी एक बाई होती, दिलेलं घर तिला राहण्याजोगं नाही हे कौन्सिललाही मान्य होतं, तरी पैशाचं कारण पुढं केलं. कोर्ट म्हणालं, पैसे कमी आहेत म्हणून कर्तव्य संपत नाही, आणि त्या कारणावर कोर्टाने आदेश देऊ नये असं वाटत असेल तर कौन्सिलने तसं नीट दाखवून द्यावं. दक्षिण आफ्रिकेत 2000 च्या ग्रूटबूम केसमध्ये कोर्टाने प्रत्येकाला लगेच घर द्या असं म्हटलं नाही, पण ज्यांच्या डोक्यावर आज काहीच नाही त्यांच्यासाठी योजनेत काहीच नसेल तर ती योजना वाजवी नाही असं ठरवलं. आपल्या देशात दिल्ली हायकोर्टाने 2010 च्या सुदामा सिंग आणि 2019 च्या अजय माकन निकालांत म्हटलं की हलवण्याआधी सर्व्हे करा, लोकांशी बोला, पुनर्वसन ठरवा. आपल्याकडं या सगळ्याचा उपयोग आधाराला होतो, बंधन म्हणून नाही. याचिकेत एखादा परिच्छेद द्या, दहा पानं नकोत.

पालिकेचं दुसरं म्हणणं, हे आमचं ऐच्छिक काम आहे. महानगरपालिका कायद्यात कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि 66 मध्ये जमलं तर करायची, आणि निवारा हा 66 मधला विषय म्हणून ते हात वर करतात. यावर मी दोन गोष्टी मांडतो. पहिली म्हणजे 74 व्या घटनादुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची, त्यात दुर्बल घटकांचं हितरक्षण आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय पालिकांच्या नावावर आहेत. दुसरी म्हणजे पालिकेने एकदा अभियानाचा निधी घेतला, ठराव केला, केंद्रासाठी जागा दाखवली की ते काम ऐच्छिक राहत नाही, तुम्ही लोकांच्या नावावर पैसे घेतलेत, हिशोब द्या. आणि पिण्याचं पाणी, सार्वजनिक संडास ही तर 63 मधलीच कामं आहेत, निवारा व्हायचा तेव्हा होईल, स्टँडजवळचा संडास रात्री कुलूपबंद का असतो हे आजच विचारता येतं.

तिसरं म्हणणं अलीकडचं, योजनाच संपली. केंद्र सरकारचं जुनं उपजीविका अभियान मागं पडलंय आणि नवीन नागरी दारिद्र्य निर्मूलन मिशनवर काम चालू आहे असं अॅटर्नी जनरलनी फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं. ते ई. आर. कुमार केसमध्ये, 2003 पासून चालत आलेली ही याचिका बेघरांच्या निवाऱ्यावरची सगळ्यात महत्त्वाची केस आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, देशभर निवारे खरंच आहेत का ते बघायला, आणि समोर आलेली गोष्ट संतापजनक होती, राज्यांकडं पैसे आलेले होते आणि मोठा भाग खर्चच झाला नव्हता. 2018 मध्ये मग राज्याराज्यांत देखरेख समित्या झाल्या, महाराष्ट्रातही झाली. माझा युक्तिवाद असा असतो की योजना म्हणजे पैसे यायचा रस्ता, कर्तव्य त्याच्या आधीचं आहे, कलम 21 मधलं, रस्ता बदलला म्हणून कर्तव्य जात नाही. हा युक्तिवाद आहे, यावर शेवटचा शब्द कोर्ट देईल, पण रतलाम बरोबर घेऊन मांडला तर तो टिकायला हरकत नाही.

कोर्टाचा मूड कसा असतो हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुलै 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने बेघरांना तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा, संडास द्या अशी जनहित याचिका निकाली काढली आणि म्हटलं की त्यांनीही देशासाठी काम केलं पाहिजे, सगळंच सरकार पुरवू शकत नाही. फेब्रुवारी 2025 च्या त्याच ई. आर. कुमार सुनावणीत फुकटच्या योजनांमुळे आपण परजीवींचा वर्ग तयार करतोय का असा प्रश्न न्या. गवई यांनी केला. दुसऱ्या बाजूला मार्च 2023 मध्ये मुंबई हायकोर्टातच फोर्टमधल्या फुटपाथवरच्या लोकांचा विषय आला, वकिलांच्या संघटनेनेच मांडलेला, तेव्हा न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले म्हणाले की बेघर असणं हा जगभरचा प्रश्न आहे, तेही माणसंच आहेत, आणि फेकून द्या असं आम्ही म्हणायचं का. एकाच हायकोर्टात दोन वर्षांच्या अंतराने हे दोन सूर आहेत. न्यायमूर्तींवर बोट ठेवून यातून काही हाती लागत नाही, माझ्या मते फरक मागणीत आहे, पहिल्या याचिकेत मागणी फार पसरट होती. "सगळ्यांना सगळं द्या" म्हटलं की कोर्टाला ते सरकारचं धोरण वाटतं, "या पालिकेने हे मोजमाप पाळलं नाही" म्हटलं की ते कोर्टाचं काम वाटतं.

त्या बाईबद्दल, हे मात्र थांबवून ठेवू नका. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याचं कलम 100 सांगतं की मानसिक आजार असलेली आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, तपासणी करायची, आणि बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कलम 18 प्रमाणे बेघर माणसाला मानसिक उपचार मोफत, रेशन कार्ड दाखवा असं म्हणता येत नाही. पोलीस स्टेशनला दोन ओळींचा अर्ज द्या, कलम 100 लिहा, पोच घ्या, बरोबर एखादी बाई असू द्या कारण अशा आजारी बाईला अनोळखी पुरुषांनी धरलं की ती घाबरते आणि सगळं बिघडतं. मिरजेचं सिव्हिल जवळ असेल तर तिथं नेता येतं, तिथं मेडिकल कॉलेजही आहे.

भिकाऱ्यांच्या कायद्याची भीती कोणी घालेल. आपल्या राज्यात 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे, त्यात व्याख्या इतकी रुंद आहे की उघड उत्पन्न नसलेला आणि रस्त्यावर फिरणारा माणूसही त्यात ओढता येतो, आणि पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं केंद्रात ठेवता येतं. दिल्ली हायकोर्टाने 8 ऑगस्ट 2018 ला दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या भीक मागणं हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात त्या निकालाने कायदा जात नाही. पण जुलै 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा असा आदेश द्यायला नकार देताना म्हटलं की कोणाला हौस म्हणून भीक मागायची नसते, तेव्हा पथकाने ही धमकी दिली तर घाबरू नका आणि त्या माणसाला कुठं नेलंय ते लेखी विचारा.

सगळे बेघर एकाच खात्यात घालू नका, हे कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही. हंगामात येणारे ऊसतोड मजूर शहराबाहेर खोप्या घालून राहतात, त्यांचा विषय कारखाना आणि मुकादमाशी जास्त आहे. दवाखान्याबाहेर झोपणारे पेशंटचे नातेवाईक चार दिवसांचे असतात, त्यांना दवाखान्याजवळ जागा लागते, लांबच्या केंद्राचा उपयोग नाही. कृष्णेचा पूर आला, 2019 किंवा 2021 सारखा, की शाळेत हलवलेल्यांचं सगळं आपत्ती व्यवस्थापनातून होतं. तुमचे स्टँडवरचे म्हातारे हे कायमचे बेघर, निवाऱ्याचं माप त्यांच्यासाठी आहे. हे वेगळं केलं नाही तर पालिका म्हणते, ही तर बाहेरगावची माणसं.

आता काय करायचं. आधी रात्री दहानंतर जाऊन मोजा, सलग दोन-तीन आठवडे, नावं छापू नका, वय, बाई की पुरुष, आजार, किती वर्षं इथं, आधार आहे का, एवढंच वहीत घ्या. फोटो काढताना चेहरे नकोत. मग माहिती अधिकारात पालिकेला विचारा: निवारा केंद्रं किती, कुठं, क्षमता किती, गेल्या पाच वर्षांत बेघरांच्या नावाने निधी किती आला, खर्च किती झाला, शेवटचा सर्व्हे कधी झाला, पथकाने उचललेल्या सामानाचं रजिस्टर आहे का. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, सर्व्हेच झालेला नाही याचा तो पालिकेनेच दिलेला पुरावा आहे.

त्यानंतर लेखी मागणी, आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावाने, प्रत जिल्हाधिकारी आणि राज्याच्या निवारा देखरेख समितीला. यात ते लाखाला शंभरचं गणित, 2010 चे आदेश, माहिती अधिकाराचं उत्तर, आणि नेमकी मागणी: अमुक महिन्यांत अमुक क्षमतेचं केंद्र, बायकांसाठी वेगळी सोय, तोपर्यंत रात्रीपुरती पालिकेची एखादी रिकामी शाळा किंवा समाजमंदिर, आणि तोवर पहाटेची कारवाई बंद. आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला अर्ज कोर्टात मागणी म्हणून फार चालत नाही. हायकोर्ट आदेश देताना पहिला प्रश्न हाच विचारतं, तुम्ही मागितलं होतं का आणि त्यांनी नाकारलं का. चांगल्या केसेस मी या एका कागदावाचून परत आलेल्या बघितल्यात. मागणी करण्याआधी जागा कोणाची तेही बघा, स्टँडची असेल तर एसटी महामंडळ, स्टेशनसमोरची असेल तर रेल्वे, चुकीच्या माणसाला पार्टी केलं की सहा महिने त्यातच जातात.

आधारसाठी पत्ता नाही म्हणून अडत असेल तर संस्थेमार्फत सोय होते, आणि मतदार यादीसाठी तर निवडणूक आयोगानेच सांगितलंय की बेघराला पत्त्याचा कागद लागत नाही, बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस तिथं झोपतो का ते बघायचं. यादीत नाव आलं की नगरसेवकाची वागणूक बदलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही तर रिट किंवा जनहित याचिका. आधी त्यासाठी मुंबईला जावं लागायचं, रात्रीची गाडी, राहायचा खर्च, आणि तारीख पुढं गेली की सगळं वाया. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली आणि साताऱ्याच्या केसेस आता तिथं चालतात, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, सांगलीत ते विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, किंवा 15100 वर फोन करा. अर्जदार म्हणून त्या माणसांपैकी कोणी तयार असेल तर फार चांगलं, पण त्याला आधी नीट समजावून सांगा की यात त्याचं नाव कागदावर येणार आहे आणि पथक तोवर येऊ शकतं, तो नको म्हणाला तर संस्थेच्या नावाने करा. याचिकेत पहिल्या दिवशीची अंतरिम मागणी दोनच ठेवा, सामान उचलणं बंद आणि तीस दिवसांत पालिकेकडून सर्व्हे. एकदा पालिकेच्याच सहीने बेघरांचा आकडा कोर्टासमोर आला की पुढच्या तारखेला निवाऱ्याची क्षमता मागायला वेगळा युक्तिवाद लागत नाही.